बारक्याच्या वाट्याचा वेळ

जून उजाडला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात सामानाचे टेम्पो लागायला सुरुवात होते. गाद्या, गॅसची टाकी, पिठाचा डबा, कूलर आणि अभ्यासाचं टेबल. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, पलीकडे बिदरपर्यंतची कुटुंबं थोरल्या लेकराच्या अकरावी-बारावीसाठी इथं दोन खोल्या भाड्यानं घेतात. बाप गावी राहून शेत नाहीतर नोकरी सांभाळतो, आई लेकरांजवळ राहते. टेम्पोतून सगळ्यात शेवटी उतरतं ते तिसरी-चौथीतलं बारकं. त्याची शाळा बदललेली असते, खेळगडी गावी राहिलेले असतात, आजीची कूस सुटलेली असते. हे सगळं ठरवताना त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याला विचारायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

‘लातूर पॅटर्न’ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रभर गाजू लागला. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतली मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला आपल्या घरातही डॉक्टर होऊ शकतो असा भरवसा आला. आता गुणवत्ता यादीची जागा ‘नीट’नं घेतली आहे. ७२० गुणांची ती परीक्षा मे महिन्यात असते, पण तिचं वेळापत्रक घरात दोन-दोन वर्षं चालतं. जेवण कधी, दिवा कधी मालवायचा, टीव्ही लावायचा की नाही, गावच्या लग्नाला जायचं की नाही, सगळं थोरल्याच्या क्लासवर आणि टेस्ट सिरीजवर ठरतं. बारक्याला घरात सर्वाधिक ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘गप बस, दादा अभ्यास करायलाय.’

अशा घरांत माया कमी असते, असं म्हणायची सोय नाही. ‘आमचं बारकं लई लाडाचं आहे’ हे आई अभिमानानं सांगते आणि ते खरंही असतं. त्याला आईस्क्रीम मिळतं, मोबाइल मिळतो, थोरल्याला कधी मिळाली नाही ती सूट मिळते. तरीही तेच लेकरू एखाद्या रात्री रडवेलं होऊन म्हणतं, ‘माझ्याकडं कुणी बघतच नाही.’ मोठ्यांना हा नुसता लाडावल्याचा हट्ट वाटतो. पण बालमानसशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचाही अभ्यास असं सांगतो, की लेकराचा हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो.

समान वाटणी, तरी वाटा कमी

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जोसेफ प्राइस यांनी २००८ साली एक साधा प्रश्न विचारला: आईबाप मुलांना वेळ देताना भेदभाव करतात का? तिथं लोकांच्या दिवसभराच्या वेळेची नोंद ठेवणारी एक मोठी सरकारी पाहणी होते, तिचे आकडे त्यांनी तपासले. कुठलाही एक दिवस घेतला तर पालक आपल्या मुलांना जवळपास सारखाच वेळ देत होते. पण त्याच वयाची मुलं एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं, म्हणजे एका घरातलं आठ वर्षांचं थोरलं आणि तशाच दुसऱ्या घरातलं आठ वर्षांचं धाकटं, तर थोरल्याला आईबापांचा दर्जेदार वेळ रोज २० ते ३० मिनिटं जास्त मिळालेला दिसला.

हे कसं? मुलं मोठी होत जातात तसा आईबापांनी मुलांसोबत घालवायचा एकूण वेळ आटत जातो. थोरलं आठ वर्षांचं होतं तेव्हा घर तरुण होतं. गोष्टी, खेळ, फिरणं यांचा भर होता. धाकटं आठचं होईतो थोरलं सतरा वर्षांचं झालेलं असतं आणि घराची रीतच पालटलेली असते. त्या दिवशीचा उरलेला वेळ आईबाप इमानेइतबारे सारखा वाटतात, पण वाटायलाच थोडा उरलेला असतो. रोजची पंचवीस मिनिटं म्हणजे वर्षाला दीडशे तास झाले. अन्याय कुणीच केलेला नसतो आणि तूट मात्र खरी असते.

प्राइस यांचे आकडे अमेरिकेतले आहेत. लातूरच्या भाड्याच्या खोलीत याच्यावर आणखी एक थर चढतो. इथं थोरलं मोठं होतं तशी त्याच्यामागची धावपळ उलट वाढते. क्लासची फी, डबा, रात्रीचं जागरण, टेस्टचे मार्क, पुढं रिपीटर बॅचला घालायचं की नाही याची चर्चा. आधीच आटलेल्या वेळातून पहिला हिस्सा परीक्षेचा, उरलेला स्वयंपाकाचा, आणि त्यातूनही राहिलाच तर बारक्याचा.

आपल्या देशात हा फरक वेळेपुरता राहिलेला नाही, तो शरीरावरही उमटलेला आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ साली भारतातल्या मुलांच्या उंचीची तुलना आफ्रिकेतल्या मुलांशी केली. भारतातली थोरली मुलं उंचीत मागं नव्हती. पिछाडी दुसऱ्या अपत्यापासून सुरू होत होती आणि पुढच्या प्रत्येक अपत्यागणिक वाढत होती. थोरल्या मुलाच्या ठायी घराची सारी आशा एकवटली, की मागच्यांच्या पोषणात आणि निगराणीत हात आखडता होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पूर्वी ही तूट भरून काढायला घरात माणसं असायची. आज घरं आकसली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण १९९२-९३ साली २.९ होतं, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आलं. म्हणजे आजचं शेंडेफळ बहुधा दोनातलं दुसरं असतं. भावंडांची गर्दी कमी झाली, तसे आत्या, काका, आजी, शेजारची मावशी हेही रोजच्या उठबशीतून कमी झाले. आईकडून जे मिळालं नाही ते ओट्यावरच्या आजीकडून मिळवायचं, ही वाट भाड्याच्या खोलीत बंद झालेली असते.

सही आणि वाचणं

एक रोजचा प्रसंग पाहू. रात्रीचे नऊ वाजलेत. थोरली नुकतीच क्लासवरून आली आहे, आई तव्यावर भाकरी टाकते आहे. बारकं शाळेची डायरी घेऊन ओट्यापाशी उभं आहे. बाईंनी पालकांची सही आणायला सांगितली आहे. डायरीत बाईंनी त्याच्याबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्या आहेत, म्हणून ती सकाळपासून दप्तरात जपून ठेवलेली. आई पिठाचे हात पदराला पुसते, पेन घेते आणि सही करते. त्याच वेळी तिची नजर शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर असते, कारण क्लासच्या ग्रुपवर आजच्या टेस्टचे मार्क आलेले असतात. डायरी परत मिळते. सही झाली, वाचलं गेलं नाही. आठ वर्षांच्या पोराला हा फरक तत्काळ कळतो, पण मला काय हवं होतं हे मात्र त्याला सांगता येत नाही. तक्रार करायची तर कशाची, सही तर मिळाली आहे.

मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींत काम केलेले रोनाल्ड रोनर यांनी याच अवघड जागेवर बोट ठेवलं. साठच्या दशकापासून निरनिराळ्या संस्कृतींतल्या मुलांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं, की आईबाप किती प्रेम करतात यापेक्षा ते प्रेम मुलाला कितपत जाणवतं, यावर त्याच्या मनाची घडण जास्त अवलंबून असते. नाकारलं जाण्याच्या त्यांनी काही तऱ्हा सांगितल्या. मायेचा ओलावा नसणं ही एक, राग आणि मारझोड ही दुसरी, दुर्लक्ष ही तिसरी. चौथी मोठी चमत्कारिक आहे: बाहेरून पाहणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही, खाऊपिऊ, कपडालत्ता, शाळा सगळं जिथल्या तिथं असतं, तरी मुलाला आतून वाटत राहतं की आपण यांना खरे हवे नाही. गजबजलेल्या घरातल्या शेंडेफळाची तक्रार बरेचदा या चौथ्या खान्यातली असते. आईवडिलांना ती खोटी वाटते, कारण त्यांच्या मनात माया काठोकाठ असते.

लेकरू माया मोजतं तरी कशात? याचं उत्तर फार लहान वयातच दिसू लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई तान्ह्या बाळाशी हसून-बोलून खेळते. मग सांगितल्याप्रमाणे ती अचानक चेहरा निर्विकार करते. समोरच बसते, बाळाकडेच बघते, पण कशालाही प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून पाहतं, मग बोट दाखवतं, हात पुढं करतं, चीत्कारतं. काहीच लागू पडत नाही म्हटल्यावर मान वळवतं, अंग आकसून घेतं आणि रडू लागतं. आई हाताच्या अंतरावर असते आणि बाळाच्या लेखी नाहीशी झालेली असते. पुढं आईच्या हातात मोबाइल देऊन याच धर्तीचे प्रयोग झाले, तेव्हाही बाळं कासावीस झाली.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट मात्र आईबापांना धीर देणारी आहे. ट्रॉनिक यांना आढळलं, की चांगल्या सुदृढ मायलेकरांतही सूर जुळलेला असतो तो जेमतेम तीस टक्के वेळ. उरलेला वेळ तुटणं आणि पुन्हा जुळणं यात जातो. तुटल्यावर आई परत वळते, हा अनुभव बाळाला वारंवार मिळाला की त्याचा तिच्यावर भरवसा बसतो. म्हणजे दिवसभर लेकराकडं बघत बसायची कुणालाच गरज नाही. त्यानं हाक मारली तर कधीतरी, खात्रीनं, मान वळली पाहिजे.

आपल्या कहाण्यांना ही आस ओळखीची आहे. नागपंचमीच्या कहाणीत भरल्या घरात सुना आहेत. श्रावण लागतो आणि एकेक जण माहेरी, आजोळी निघून जाते. सगळ्यांत धाकटीला न्यायला येणारं कुणी नाही. ती मनातच नागोबाला आपलं माहेर मानते, आणि तो ब्राह्मणाचं रूप घेऊन तिचा मामा म्हणवत तिला न्यायला येतो. घरात तिला जेवू घालत नव्हते किंवा छळत होते, असं कहाणी सांगत नाही. खास तिच्यासाठी कुणीतरी यावं, एवढीच तिची मागणी आहे.

सांभाळणारी ताई निघून जाते तेव्हा

शेतकरी घरात बारक्याला खरं वाढवतं कोण, हे पाहिलं तर आणखी एक दुखरी जागा दिसते. पेरणीच्या आणि सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत आई पहाटे शेतात जाते. झोळीतल्या तान्ह्याला झोका देणारी, मोठं झालं की कडेवर घेऊन फिरणारी, शेंबूड पुसणारी आणि शाळेत हात धरून नेणारी ताई असते. जगभरच्या कृषिसमाजांत हीच रीत आहे. थॉमस वाइजनर आणि रोनाल्ड गॅलिमोर यांनी १९७७ साली भावंडांकडून होणाऱ्या या संगोपनावर लक्ष वेधलं, तोवर अभ्यासकांची नजर एकट्या आईवरच खिळलेली होती.

मग एका जूनमध्ये ताई शिकायला लातूरला किंवा नांदेडला जाते, नाहीतर तिचं लग्न होतं. घर तिच्या ॲडमिशनच्या किंवा लग्नाच्या गडबडीत असतं. बारक्याच्या आयुष्यातून रोजचं सांभाळणारं माणूस उठून गेलं, याचा शोक कुणी ओळखतच नाही. ‘ताई गेली म्हणून रुसलाय’ एवढ्यावर विषय संपतो.

या शोकाचं मोल ओळखणारा माणूस स्वतः अशाच घरात वाढला होता. लेकरू आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या बंधाचा सिद्धांत मांडणारे जॉन बोल्बी १९०७ साली लंडनमध्ये एका बड्या शस्त्रवैद्याच्या घरी जन्मले. सहा भावंडांत चौथे. त्या काळच्या तिथल्या रीतीप्रमाणे आई मुलांना भेटायची ती दुपारच्या चहानंतर तासभर. लहानग्या जॉनचा जीव होता मिनी नावाच्या दाईवर. तो चार वर्षांचा असताना ती काम सोडून गेली. आपल्याला ते आई गमावल्याइतकं लागलं होतं, असं बोल्बींनी पुढं सांगितलं. घरात माणसं भरपूर असली तरी लेकराचा जीव एका-दोघांवरच जडतो, आणि त्यांच्या जाण्याची भरपाई बाकीच्यांच्या संख्येनं होत नाही.

याची दुसरी बाजू बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दिसते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडं निघतात. थोरली मुलं शाळेसाठी आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बारकं आईबापासोबत फडावर जातं. कोपीत ते आईच्या कुशीत झोपतं, पण पहाटेच्या अंधारात आई कोयता घेऊन उठते तेव्हापासून ते उसाच्या पाचटावर एकटं असतं. जवळ असणं आणि वाट्याला येणं यांतलं अंतर इथं सर्वांत कठोर आहे, आणि ते कमी करणं त्या आईच्या हातात नाही. तिथं पाळणाघर लागतं, आणि ते कारखान्यानं आणि सरकारनं द्यायचं असतं.

शेंडेफळ हट्टीच असतं का?

‘धाकटी पोरं जात्याच हट्टी, लक्ष वेधून घेणारी’ हा समज जुना आहे. त्याला शास्त्राचा साज चढवला व्हिएन्नाचे मनोवैद्य आल्फ्रेड ॲडलर यांनी. थोरल्याचं सिंहासन दुसरं मूल आलं की जातं, शेंडेफळाचं कधीच जात नाही. म्हणून ते लाडावतं किंवा सगळ्यांना मागं टाकायच्या ईर्ष्येनं पेटतं, असं ॲडलर म्हणत. हे पटण्यासारखं वाटतं, म्हणून शंभर वर्षं टिकलं. पण २०१५ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतले वीस हजारांहून अधिक लोक होते, दुसऱ्यात अमेरिकेतली पावणेचार लाखांहून अधिक शाळकरी मुलं. जन्मक्रमाचा स्वभावावर होणारा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

याचा अर्थ, बारक्याचा हट्ट त्याच्या क्रमांकातून येत नाही. तो बहुधा घरातल्या परिस्थितीला दिलेलं उत्तर असतो. शांत बसून काही मिळत नाही आणि ताट ढकललं की सगळे वळून बघतात, हे एकदा कळलं की कुठलंही शहाणं लेकरू ताट ढकलतं. काही मुलं उलट वागतात. ती इतकी गुणी, इतकी बिनतक्रार होतात की घर त्यांना विसरूनच जातं. ‘बारकीचा आम्हाला काही त्रासच नाही’ असं ज्या घरात ऐकू येतं, तिथं जरा थांबून बारकीकडं बघावं.

मुलगी असणं आणि शेवटची असणं हे दोन्ही एकत्र आलं, की काही घरांत नकोसेपण उघडच बोललं गेलं आहे. मुलाची वाट बघताना तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणून तिचं नाव ‘नकोशी’ ठेवण्याची रीत साताऱ्यासारख्या भागांत होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक अडीचशेहून अधिक मुलींची अशी नावं बदलण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज आपलं नकोसेपण ऐकणाऱ्या त्या मुलींनी नवी नावं स्वतः निवडली. नाव ‘लाडकी’ असूनही तसंच वाटणारी मुलं आहेतच, पण त्यांच्यासाठी समारंभ होत नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, दिवसातली पंधरा-वीस मिनिटं नक्की बारक्याची करावीत आणि ती ठरलेल्या वेळी द्यावीत. थोरलं क्लासला असतानाची संध्याकाळ यासाठी सोयीची. त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि काय करायचं ते बारक्यानं ठरवायचं. गोष्ट सांगू दे, कुस्ती खेळू दे, नुसतं सोबत शेंगा फोडत बसू दे. अभ्यास घेण्याचा वेळ यात धरू नये. तो बाईंचा वेळ झाला. गावी असलेल्या बापानंही रोजच्या फोनमध्ये ‘दादाला दे’ म्हणण्याआधी पाच मिनिटं बारक्याशी बोलावं, आणि कालचं बोलणं आठवून पुढचा प्रश्न विचारावा. ‘तुझ्या त्या मांजराला पिल्लं झाली का?’ या एका प्रश्नाचं मोल खाऊच्या मोठ्या पुड्यापेक्षा जास्त आहे.

दुसरी गोष्ट, वेगळ्या वागणुकीचं कारण सांगावं. अमांडा कोवल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ साली अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, तेव्हा आईबापांनी भावंडांत केलेला फरक बहुतेक मुलांना अन्याय वाटलेला नव्हता. कारण समजलेलं असलं की मुलं उदार असतात. म्हणून ‘गप बस’च्या जागी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून सांगावं, की मे महिन्यात ताईची परीक्षा आहे, तोवर असं चालेल, त्यानंतर आपण अमुक करू. आणि मे संपल्यावर ते अमुक खरंच करावं. मुदत नसलेलं थांबणं लेकराला शिक्षा वाटतं.

तिसरी गोष्ट, हाक चुकली तर परत वळावं. डायरी न वाचता सही केली हे रात्री लक्षात आलं, तर सकाळी ती मागून घेऊन वाचावी आणि त्या दोन ओळींबद्दल बोलावं. ट्रॉनिक यांच्या बाळांना जे पुरलं, ते आठ वर्षांच्यालाही पुरतं.

चौथी गोष्ट, शरीर काय सांगतंय ते पाहावं. शाळेच्या वेळी दुखणारं पोट, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं, आधी बडबड करणारं लेकरू अबोल होणं. आधी डॉक्टरांना दाखवून आजार नाही याची खात्री करावी. मग ‘सोंग करतंय’ म्हणून सोडून देऊ नये. पोट खरंच दुखत असतं. सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

थोरल्या भावंडांचाही यात वाटा आहे. बारक्याच्या नजरेत दादा-ताईचं स्थान आईबापांच्या खालोखाल असतं, कधी वरही. क्लासला निघताना ‘येतो रे’ म्हणून टपली मारून जाणारा दादा आणि न बघता चप्पल घालून जाणारा दादा, यांतल्या पहिल्याचंही अभ्यासाचं एक मिनिट वाया जात नाही.

‘एकदा थोरल्याचा नंबर लागू दे, मग बारक्याकडंच बघायचंय’ असं बहुतेक आईबाप मनापासून म्हणतात. हिशेबानं ते चूक नाही. थोरलं एमबीबीएसला गेलं की घर मोकळं होतं आणि शेंडेफळाला आईबाप एकट्याचे मिळतात, जे मधल्या भावंडांना कधीच मिळत नाहीत. पण तोवर आठ वर्षांचं लेकरू दहा-अकराचं झालेलं असतं. त्याचं विश्व मित्रांत आणि मोबाइलमध्ये बसलेलं असतं, आणि ज्या घराकडं मागून मिळालं नाही तिथं मागणं त्यानं थांबवलेलं असतं. वेळ तेव्हा आईबापांजवळ असतो, घेणारं मात्र दाराआड असतं. म्हणून ‘माझ्याकडं कुणी बघत नाही’ ही कुरकुर ज्या घरात अजून ऐकू येते, त्या घराचं नशीब चांगलं आहे. बारकं अजून मागतंय. त्याला द्यायचे ते दिवस परीक्षेनंतरचे नाहीत, परीक्षेच्या वर्षातलेच आहेत.